पॉली उम्रीगर : सगळे खेळ खेळलेला सोलापूरचा माणूस

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला काय आठवतं? चादर. मग शेंगाचटणी, कडक भाकरी, सिद्धेश्वराचं तळं आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा. जरा इतिहासात रस असेल तर १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे. माणसांची नावं काढायची झाली तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस, वालचंद हिराचंद... आणि यादी बहुधा इथेच थांबते. या यादीत मी गेली काही वर्षं एक नाव आपणहून घालत आलोय आणि दर वेळी समोरचा म्हणतो, "काय सांगता? ते तर मुंबईचे ना?"

पहलन रतनजी उम्रीगर. म्हणजे आपले पॉली उम्रीगर. जन्म २८ मार्च १९२६. काही ठिकाणी जन्मगाव म्हणून मुंबई छापलेलं दिसतं, बऱ्याच ठिकाणी सोलापूर. या वादात मी पडत नाही, कारण त्यांचं लहानपण सोलापुरात गेलं एवढं मला पुरतं. वडिलांचा कपड्यांचा धंदा होता. पॉली शाळकरी वयात असतानाच कुटुंब मुंबईला गेलं. पुढे हा मुलगा भारतासाठी ५९ कसोटी सामने खेळला, ३,६३१ धावा काढल्या, १२ शतकं ठोकली. १९६२ साली ते कसोटीतून बाजूला झाले तेव्हा सर्वांत जास्त सामने, सर्वांत जास्त धावा आणि सर्वांत जास्त शतकं हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांच्या नावावर होते. धावा आणि शतकांचे विक्रम पुढे गावसकरने मोडले वगैरे इतिहास तुम्हाला ठाऊक आहेच.

पण आज मला विक्रमांबद्दल लिहायचं नाहीये. विक्रम कुठल्याही संकेतस्थळावर मिळतात. माझ्या डोक्यात घोळतोय तो वेगळाच प्रश्न. लहानपणी हाताला येईल तो खेळ खेळणारा एखादा मुलगा पुढे दुसऱ्यांना शिकवणारा, सांभाळणारा माणूस कसा होतो? सगळेच होत नाहीत. मोठमोठे खेळाडू निवृत्तीनंतर नुसते जुन्या आठवणी सांगत बसतात. काही थोडे मात्र मैदान सोडत नाहीत. त्यांची जागा बदलते, काम चालूच राहतं. उम्रीगर त्यातले.

आधी त्या काळचं गाव डोळ्यांपुढे आणू. १९२६ चं सोलापूर हे गिरण्यांचं गाव होतं. एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली जुनी मिल, नंतरच्या नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. गिरणीच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. अशा कापडाच्या गावात एका पारशी कुटुंबाने कपड्यांचा धंदा करावा यात नवल काही नाही. पॉली चार वर्षांचे असताना, मे १९३० मध्ये, गांधीजींच्या अटकेनंतर गाव पेटलं आणि इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. चार वर्षांच्या पोराला यातलं काय कळणार! पण तो ज्या गावात रांगला, चालायला लागला, ते गाव हे होतं.

पारशी आणि क्रिकेट हे नातं तर फार जुनं. मुंबईत पारशांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला आणि १८८६ साली पारशांचा संघ इंग्लंडला जाऊनही आला. तेव्हा घरात क्रिकेट असणार हे धरूनच चालू. गंमत अशी की या मुलाच्या वाट्याला एकटं क्रिकेट नव्हतं. हॉकी होती, फुटबॉलही होता. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात शिकताना विद्यापीठाच्या क्रिकेट संघाचं कर्णधारपद आलं, आणि १९४४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पंचरंगी सामन्यांत पारशांच्या संघातून पहिला प्रथम दर्जाचा सामना.

त्या काळी मुलगा "क्रिकेट करतो" असं कुणी म्हणत नसे. मुलगा खेळतो, एवढंच. थंडी पडली की बॅट बाहेर निघायची, पावसाने खेळपट्टीचा चिखल केला की फुटबॉल, मैदान वाळलं की हॉकीची काठी. ऋतू बदलला की खेळ बदलायचा. कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं, हवामानानेच ठरवलेलं होतं म्हणा ना.

या सगळ्याचा फायदा काय? मला विचाराल तर एक फार मोठा. जो मुलगा तीन खेळ खेळतो तो एका वर्षात तीनदा नवशिका होतो. क्रिकेटमधला राजा हॉकीच्या मैदानात पहिल्या दिवशी धडपडतो, पाय अडकून पडतो, आणि आपल्यापेक्षा बारकं पोरगं आपल्याला सहज चकवून पुढे जातं हे बघतो. न येणं म्हणजे काय असतं ते त्याच्या अंगात मुरतं. शिकवणाऱ्या माणसाला हीच गोष्ट लागते. ज्याला सगळं पहिल्यापासून आपोआप येतं, त्याला दुसऱ्याला का येत नाही हे कळत नाही.

उम्रीगरांना न येणं म्हणजे काय हे नंतर आणखी मोठ्या मैदानावर, सगळ्या जगासमोर शिकावं लागलं.

ऑक्टोबर १९४८ मध्ये वेस्ट इंडीजच्या संघाविरुद्ध संयुक्त विद्यापीठांकडून त्यांनी नाबाद ११५ केल्या आणि त्याच डिसेंबरात कसोटी संघात आले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध नाबाद १३०. भारताने जिंकलेला तो पहिलावहिला कसोटी सामना. सव्विशीला टेकलेला मुलगा, सहा फुटी देह, देशाच्या पहिल्या विजयातला शतकवीर... आणि काहीच महिन्यांनी तो इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला.

तिथे फ्रेड ट्रुमन होता.

१९५२ च्या त्या मालिकेत उम्रीगरांनी सात डावांत मिळून ४३ धावा केल्या. सरासरी ६.१४. आणि हे त्याच दौऱ्यात, जिथे काउंटी आणि विद्यापीठांच्या संघांविरुद्ध त्यांनी दीड हजाराच्या वर धावा कुटल्या होत्या! म्हणजे खेळ येत होता, फटके होते, फॉर्म होता. फक्त ट्रुमन धावत आला की पाय लेग स्टंपच्या बाहेर सरकत. इंग्लंडचे क्षेत्ररक्षक त्यावर विनोद करत, ते विनोद पुढे पुस्तकांत छापून आले आणि अजून सांगितले जातात. मँचेस्टरला ट्रुमनने एका डावात ३१ धावांत ८ बळी घेतले, भारत एका दिवसात दोनदा सर्वबाद झाला. त्या सामन्यात उम्रीगरांच्या दोन्ही डावांच्या मिळून दहासुद्धा धावा झाल्या नाहीत.

विचार करा. ज्याची भीती सगळ्या देशाने वर्तमानपत्रात वाचली असा माणूस. घरी येऊन तोंड कसं दाखवायचं?

उम्रीगर घरी आले आणि पुढच्याच हंगामात वेस्ट इंडीजला गेले. १९५३ च्या त्या मालिकेत त्यांनी ५६० धावा काढल्या. पोर्ट ऑफ स्पेनला १३०, किंग्स्टनला ११७. षटकार असे उंच जात की तिथल्या लोकांनी त्यांना माडाच्या झाडावरून नावच ठेवलं. मग नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३, कसोटीतलं भारताचं पहिलं द्विशतक. आणि १९५९ मध्ये पुन्हा इंग्लंड, पुन्हा मँचेस्टर, समोर पुन्हा ट्रुमन. या वेळी ११८. भारत हरला, पण सात वर्षांपूर्वी ज्या मैदानावर हसं झालं होतं तिथेच शतक लागलं.

मला या ११८ धावा त्या २२३ पेक्षा मोठ्या वाटतात. द्विशतक हे ताकदीचं काम. हे शतक म्हणजे सात वर्षं एक भीती सोबत बाळगून, तिला न लपवता, तिच्यावर काम केल्याची पावती. पुढे हा माणूस तरुण पोरांना वेगवान गोलंदाजीबद्दल काही सांगायला लागला असेल तेव्हा ते ऐकणाऱ्याला पटलं असणार, कारण सांगणाऱ्याचे पाय कधीकाळी सरकले होते हे सगळ्यांना माहीत होतं.

आता कर्णधारपदाची गोष्ट. १९५५ ते १९५८ या काळात त्यांनी आठ कसोटींत नेतृत्व केलं. दोन जिंकल्या, दोन हरल्या, चार अनिर्णित. जानेवारी १९५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध मद्रास कसोटीसाठी त्यांना पुन्हा कर्णधार नेमलं. संघात एका जागेचा प्रश्न होता. उम्रीगरांना मनोहर हर्डीकर हा फलंदाज हवा होता. मंडळाच्या अध्यक्षांना जसू पटेल हा ऑफस्पिनर. अध्यक्ष हटेनात. सामन्याच्या आदल्या रात्री उम्रीगरांनी कर्णधारपदाचा राजीनामा दिला. विनू मंकड कर्णधार झाले. आणि उम्रीगर? ते साधे खेळाडू म्हणून त्याच सामन्यात उतरले.

इथे थांबून जरा बघण्यासारखं आहे. राजीनामा देणारे पुष्कळ असतात. राजीनामा देऊन घरी जाणारेही पुष्कळ. पण मैदानावरचा संघ कर्णधाराचा असायला हवा या एका मुद्द्यावर पद सोडायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्याच्या हाताखाली पांढरे कपडे घालून उभं राहायचं, हे अवघड. पद वेगळं आणि खेळ वेगळा हे ज्याला कळलं त्यालाच जमेल.

आणि नियतीचा विनोद पाहा. त्याच वर्षी डिसेंबरात कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध जसू पटेलांनी सामन्यात १४ बळी घेतले. ज्या माणसाच्या निवडीवरून राजीनामा दिला, त्याच माणसाने भारताला ऑस्ट्रेलियावरचा पहिला विजय मिळवून दिला. आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला शेवटच्या डावात कोण होतं? २७ धावांत ४ बळी घेणारे पॉली उम्रीगर! दोघांनी मिळून शेवटच्या डावात ऑस्ट्रेलियाचे नऊ गडी बाद केले. मद्रासच्या रात्री कोण बरोबर, कोण चूक हा वाद कानपूरच्या मैदानावर आपोआप निरर्थक झाला. मला वाटतं, मनात अढी धरणारा माणूस त्या दिवशी असा टाकू शकला नसता.

आता १९६२. वेस्ट इंडीजचा दौरा, कर्णधार नरी काँट्रॅक्टर. १७ मार्चला बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू काँट्रॅक्टरच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली. शस्त्रक्रिया झाली, रक्त हवं होतं. ज्यांनी दिलं त्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, चंदू बोर्डे होते, बापू नाडकर्णी होते आणि उम्रीगर होते. वॉरेलचं रक्त लोकांच्या लक्षात राहिलं, आणि राहायलाच हवं. पण आपल्याच कर्णधारासाठी हात पुढे करणारे हे तिघे त्यानंतर काही दिवसांतच वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांपुढे पुन्हा फलंदाजीला गेले. हेल्मेट नावाची वस्तू तेव्हा नव्हती.

काँट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. कर्णधारपद एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडीकडे गेलं. माजी कर्णधार असलेले छत्तिशीतले उम्रीगर या पोरसवदा कर्णधाराच्या हाताखाली खेळले आणि एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या चौथ्या कसोटीत काय केलं? पहिल्या डावात ५६ धावा, मग १०७ धावांत ५ बळी, मग दुसऱ्या डावात नाबाद १७२. सामना भारत हरलाच, मालिकाही ०-५ गेली. पण पडझडीच्या दिवसांत ज्येष्ठ माणसाने कसं वागायचं याचा धडा हवा असेल तर तो या एका सामन्यात आहे. किंग्स्टनची पाचवी कसोटी ही उम्रीगरांची शेवटची. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली.

इथे बहुतेक चरित्रं संपतात. माझ्यासाठी गोष्ट इथे सुरू होते.

आज संघाबरोबर मुख्य कोच, फलंदाजीचा कोच, गोलंदाजीचा कोच, फिजिओ, विश्लेषक अशी पलटणच असते. तेव्हा असलं काही नव्हतं. भारतीय संघाला 'क्रिकेट मॅनेजर' म्हणून बिशनसिंग बेदी मिळाले ते १९९० मध्ये, आणि परदेशी कोच म्हणून जॉन राइट आले २००० मध्ये. त्याआधी दौऱ्यावर एक मॅनेजर जायचा आणि तोच सगळं. तिकिटं, हॉटेल, भत्ते, पत्रकार परिषद, आणि नेट्समध्ये कुणाचा खांदा पडतोय हेही. १९७६ मध्ये न्यूझीलंड आणि वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर हे काम पॉली उम्रीगरांकडे होतं. कर्णधार होते बेदी.

पोर्ट ऑफ स्पेनला भारताने चौथ्या डावात ४ बाद ४०६ करून सामना जिंकला. तेव्हाचा जागतिक विक्रम. क्लाइव्ह लॉइडचा त्याच्या फिरकीवरचा विश्वास त्या दिवशी उडाला तो उडालाच. पुढची कसोटी किंग्स्टनला, सबायना पार्कवर. तिथे चार वेगवान गोलंदाज आणि आखूड टप्प्याचा मारा. अंशुमन गायकवाड ८१ धावांवर कानाला चेंडू लागून बाहेर गेला. विश्वनाथचं बोट मोडलं. ब्रिजेश पटेलच्या तोंडावर चेंडू बसला. बेदींनी ६ बाद ३०६ वर डाव सोडला. दुसऱ्या डावात धावफलकावर ९७ धावा, पाच बाद, आणि उरलेल्या पाचांपुढे एकच शेरा, जखमी असल्याने अनुपस्थित. क्षेत्ररक्षणासाठी दौऱ्यावरचे सगळेच्या सगळे खेळाडू कधी ना कधी मैदानात उतरले.

मी ही हकिगत जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला गायकवाड, विश्वनाथ दिसतात हे खरंच, पण त्याहून जास्त दिसतो तो ड्रेसिंग रूममधला पन्नाशीचा मॅनेजर. याच सबायना पार्कवर त्याने १९५३ मध्ये शतक केलं होतं. इथेच १९६२ मध्ये शेवटची कसोटी खेळला होता. आणि चौदा वर्षांपूर्वी याच दौऱ्यावरच्या एका बेटावर आपल्या कर्णधारासाठी रक्त दिलं होतं. आता त्याच्यासमोर एकेक पोर रक्ताळून आत येत होतं आणि त्याच्या हातात बॅट नव्हती. स्वतः जाऊन मार खाण्याची सोयही नव्हती! शिकवणाऱ्याचं, सांभाळणाऱ्याचं खरं दुखणं हेच असावं. खेळाडूचं धैर्य स्वतःच्या अंगावर झेलण्यात असतं. कोचला ते दुसऱ्याच्या अंगावर पडताना पाहावं लागतं, आणि तरीही डोकं शांत ठेवून पुढे कोण, कधी, हे बघावं लागतं. एका षटकात एका फलंदाजाला किती बाउन्सर टाकायचे यावर आयसीसीने बंधन आणलं ते १९९१ साली. किंग्स्टननंतर पंधरा वर्षांनी.

पुढे १९७७-७८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरही मॅनेजर तेच. १९७८ ते १९८२ निवड समितीचे अध्यक्ष. ज्या माणसाने संघनिवडीवरून कर्णधारपद सोडलं, त्याच्याच हातात संघनिवड आली. मंडळाचे कार्यकारी सचिव झाले, मुंबई क्रिकेट संघटनेचे सचिव झाले, क्रिकेट शिकवण्यावर पुस्तक लिहिलं. आणि या सगळ्यात मला सर्वांत आवडतं ते काम म्हणजे वानखेडे स्टेडियमची खेळपट्टी तयार करणं. कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक ठोकणारा माणूस उन्हात उभा राहून रोलर कुठे फिरवायचा, पाणी किती मारायचं, गवत किती ठेवायचं हे बघतोय. सामना सुरू झाला की तो बाजूला. चांगली खेळपट्टी कुणाच्या लक्षात राहत नाही, बिघडली तर मात्र सगळे नाव घेतात.

शिक्षकाचंही असंच नाही का?

हे सगळं सोलापूरपुरतं किंवा क्रिकेटपुरतं नाही. याच प्रकारची दोन माणसं मला आठवतात. पहिला आपल्याकडचा, चुनी गोस्वामी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार. आणि हाच माणूस १९७१-७२ मध्ये मुंबईविरुद्ध रणजी अंतिम सामन्यात बंगालच्या क्रिकेट संघाचा कर्णधार! फुटबॉलची आंतरराष्ट्रीय कारकीर्द सत्ताविशीच्या आसपासच सोडून तो क्रिकेटकडे वळला होता. पण शिकवायची वेळ आली तेव्हा पावलं फुटबॉलकडे परतली. १९८६ पासून काही वर्षं जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीचा संचालक, आणि नव्वदीच्या सुरुवातीला भारतीय फुटबॉल संघाचा कोच.

दुसरा सातासमुद्रापारचा, उम्रीगरांपेक्षा एका वर्षाने लहान. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या सुपीरियर गावचा बड ग्रँट. लहानपणी पोलिओ झाला, पायाला बळ यावं म्हणून खेळायला लागला, आणि शाळेत फुटबॉल (त्यांचं, अमेरिकन), बास्केटबॉल, बेसबॉल असे तीन खेळ खेळला. तिकडच्या शाळांत ही रीतच होती, शरदात एक, हिवाळ्यात दुसरा, वसंतात तिसरा. ग्रँट पुढे व्यावसायिक बास्केटबॉलही खेळला आणि व्यावसायिक फुटबॉलही, आणि वयाच्या तिशीच्या आतच कॅनडातल्या विनिपेग संघाचा कोच झाला. तिथे चार वेळा अजिंक्यपद. मग मिनेसोटा वायकिंग्सला घेऊन चार वेळा सुपर बोलच्या अंतिम सामन्यात गेला आणि चारही वेळा हरला. तरीही त्याचं नाव तिकडे आदरानेच घेतात. मिनेसोटाच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत तो मैदानाच्या कडेला शेगड्या ठेवू देत नसे, कारण शेगडी असली की लक्ष खेळावरून शेगडीकडे जातं! २०२३ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी तो गेला.

सोलापूर, कलकत्ता, सुपीरियर. तिघांचे खेळ वेगळे, हवामान वेगळं. सारखं काय? तिघेही एका खेळाचे कैदी नव्हते. तिघांनाही जिंकण्याइतकंच हरणंही जवळून माहीत होतं. आणि तिघांनाही आपली जागा सोडून दुसऱ्या जागी उभं राहण्याची लहानपणापासून सवय होती. शेवटी कोच होणं म्हणजे तरी काय? मैदानाच्या आतली जागा सोडून कडेची जागा घेणं.

हे सगळं आज का आठवावं? तर आमच्या सात रस्त्यामुळे. संध्याकाळी इथून जाताना दुचाकीवर वडिलांच्या मागे बसलेली मुलं दिसतात. सात-आठ वर्षांची, पाठीला त्यांच्याएवढीच उंच किटबॅग. सकाळी शाळा, संध्याकाळी क्रिकेट, बाराही महिने. वडिलांना विचारावं तर म्हणतात, "एकच काहीतरी धरलं पाहिजे हो, नाहीतर मागे पडतो." त्यांची काळजी मला कळते. स्पर्धा आहे, आयपीएलचा पैसा आहे, आणि सोलापूरसारख्या गावातून वर जायचं तर दुप्पट धडपड करावी लागते हेही खरं आहे.

पण मजा बघा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली पालकांना सांगितलं की साधारण १५-१६ वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नका. लवकर जुंपलं की त्याच त्याच स्नायूंवर ताण येऊन दुखापती होतात, आणि मूल खेळालाच कंटाळतं. म्हणजे जे गेल्या शतकात पावसाळा आणि हिवाळा मिळून आपोआप करून देत होते, ते आता डॉक्टरांना लिहून द्यावं लागतंय.

आणि उदाहरणासाठी फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यातली किरण नवगिरे घ्या. १९९४ चा जन्म. भालाफेक, गोळाफेक, धावणे, सगळं करून मग ती क्रिकेटकडे गंभीरपणे वळली, तीही विशीत आल्यावर. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना टी-२० सामन्यात नाबाद १६२ केल्या. टी-२० मध्ये दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय, पुरुष धरूनसुद्धा! त्याच वर्षी भारताकडून खेळली. "एकच धरलं नाही तर मागे पडतो" या वाक्याला यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचत नाही. भाला फेकणारा खांदा बॅट फिरवताना वाया जात नाही.

सात रस्त्यावर नवखा माणूस आला की गोंधळतो. सात वाटा एकदम समोर. पण इथे राहणाऱ्याला ठाऊक असतं की यातल्या कुठल्याही वाटेने निघालात तरी गावातच राहता, फार तर एखादा वळसा पडतो. मुलांच्या बाबतीत आपण त्या वळशालाच इतके का घाबरतो?

७ नोव्हेंबर २००६ रोजी उम्रीगर मुंबईत गेले. वर्षातल्या सर्वोत्तम भारतीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला मंडळ जो पुरस्कार देतं त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. टीव्हीवर झगमगाटात तो पुरस्कार देताना निवेदक ते नाव उच्चारतात. १५ वर्षांखालच्या मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकालाही त्यांचं नाव लाभलं. मला विचाराल तर या दोन्हींत करंडक त्यांना जास्त शोभतो. पंधराच्या आतली मुलं. अजून काहीच न ठरलेली, पुढच्या पावसाळ्यात फुटबॉलही खेळू शकतील अशी.

जानेवारी २०२४ मध्ये बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर आपल्या पार्क मैदानावर पुन्हा रणजी सामना झाला, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. प्रेक्षकांत शाळकरी पोरं पुष्कळ होती म्हणतात. त्यातल्या एखाद्याच्या हातात उद्या हॉकीची काठी दिसली तर त्याच्या बापाने घाबरू नये, एवढंच माझं म्हणणं. याच गावात एकदा एक पोरगा होता. त्याने सगळं खेळून पाहिलं, एका गोलंदाजाला घाबरला, सात वर्षांनी त्याच्यावर शतक काढलं, आणि मग उरलेलं आयुष्य दुसऱ्यांसाठी खेळपट्टी तयार करण्यात घालवलं.

असो. पुढच्या वेळी कुणी सोलापूरची यादी सांगायला लागलं, तर चादरीनंतर आणि चटणीच्या आधी हे नाव घालून बघा. "ते तर मुंबईचे ना?" असं म्हणाले, तर सांगा, हो, नंतर.